चौथी आकृती

शनिवार, १३ डिसेंबर २०२५

निवृत्त होऊन साडेतीन वर्षं झाली. आज पहिल्यांदा कोणीतरी फोनवर म्हणालं, "सर, हे काम तुमच्याशिवाय होणार नाही." म्हणणारा विक्रम, इथल्याच एका वृत्तवाहिनीचा निर्माता. काम काय, तर एलियन! पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. नागपुरात माझी आठवण झाली ती शेवटी परग्रहावरच्या मंडळींमुळे.

फीत आधीच पाहिली होती. मुग्धानं पुण्याहून पाठवली होती, खाली हसरे चेहरे लावून. "बाबा, तुमचे पाहुणे." खाप्याच्या पुढे एका संत्र्याच्या बागेतल्या कॅमेऱ्यात ४ तारखेला सकाळी सहा वाजून बारा मिनिटांनी आलेली, सत्तेचाळीस सेकंदांची. धुकं, अंधार. पांढरेफटक, मोठ्या डोक्यांचे चार जण पाय न उचलता सरकल्यासारखे जातात. मागे उंचावर एक दिवा. चौथा हळूहळू जमिनीत उतरतो, शेवटी डोकं आणि दोन हात तेवढे वर. बाकीचे तिघे दिव्याकडे हात हलवतात आणि मग पालथे पडतात. लोकांच्या मते दिवा म्हणजे यान, तिघांनी त्याला साष्टांग नमस्कार घातला, आणि चौथा जमिनीखालच्या अड्ड्यात गेला. लाखो लोकांनी बघितली म्हणे. माणसाला अक्कल दिली आहे ती कशासाठी, हा प्रश्न मला फार वेळा पडतो.

दोन अटी घातल्या. एक, फिरून आलेली प्रत चालणार नाही, कॅमेऱ्यातलं मूळ कार्ड हवं. दोन, मला कोणी काही सांगायचं नाही. सरकारी प्रयोगशाळेत एकतीस वर्षं चित्रफिती तपासल्या, हा नियम एकदाही मोडला नाही. गोष्ट ऐकली की डोळे तिला हवं तेवढंच बघतात. नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगायचो, तपासनिसाला कान नसतात.

अरुंधतीला सांगितलं तर म्हणाली, "घरातही नसतात." सदतीस वर्षांच्या संसारात बायकोला एवढं बोलायचा हक्क आहे.

रविवार, १४ डिसेंबर

कार्ड सकाळी आलं. दिवसभर फ्रेमा मोजल्या. फार दिवसांनी पाठ दुखली आणि बरं वाटलं.

फीत खरी आहे, कुठेही कापलेली-जोडलेली नाही. अंधारात कॅमेरा इन्फ्रारेडवर जातो, त्यात धुळीनं माखलेलं काळं कापडसुद्धा पांढरंधप्प दिसतं. मोठी डोकी म्हणजे पोत्याच्या खोळी, थंडीसाठी घेतलेल्या. तिसऱ्याच्या हातातलं चमकतं 'शस्त्र' म्हणजे बांबू. दिवा आकाशात नाही, खांबावर आहे. हातापायांचं प्रमाण माणसाचं. चार माणसं आहेत, झालं.

नोंदवहीत आणखी दोन गोष्टी लिहिल्या. फ्रेम ११० ते १९०: एक कुत्रं डावीकडून उजवीकडे चालत येतं, मध्येच थबकतं, परत फिरतं. असंबद्ध. आणि कार्डावर त्याच सकाळच्या आणखी सहा फिती आहेत. विचारणा एकीचीच आहे, म्हणून त्या उघडल्या नाहीत.

अरुंधती चहा घेऊन आली तेव्हा पडद्यावर चौथा होता. ती जरा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "अहो, हा हात असे पसरून का धरतोय? चालताना कोणी असे हात धरतं का? हाक मारतोय तो कोणाला तरी."

म्हटलं, फितीला आवाजच नाही, हाक कशावरून?  शाळेत मुलांना शिकवून बायकांना सगळीकडे कोणीतरी हाका मारल्यासारखं वाटतं. ती मेथी निवडायला निघून गेली.

मंगळवार, १६ डिसेंबर

जागा बघून आलो. विक्रमनं गाडी दिली होती. सावनेर रस्त्यानं खापा आणि पुढे. गाव आणि कारखाना, दोघांचीही नावं या वहीत लिहीत नाही, सवय आहे.

बाग नत्थूजींची. साठीचा माणूस, खांद्यावर दुपट्टा, हात संत्र्याच्या सालीसारखे. आंबिया बहाराची शेवटची फळं कळमन्याच्या बाजारात रवाना करत होते. रानडुकरांसाठी बांधावर खांब रोवून सौर कॅमेरा लावलेला. कुंपणापलीकडे कारखान्याचा राखेचा तलाव. कोळसा जळून उरलेली राख पाण्यात कालवून पाइपानं तिथे आणून सोडतात, मग ती हळूहळू बसते. मैलभर करडी, सपाट. वरून अगदी वाळलेली दिसते.

कुंपण आणि तलाव यांच्यामध्ये मातीची पाळ आहे, उजवीकडे चढत कमरेच्या वर जाणारी. लाल मुरमाची, गवताची काडीसुद्धा नाही. फितीत धुक्यामुळे तिथल्या जमिनीची रेघच कळत नव्हती, पण इथे बघताक्षणी उलगडा झाला! चौथा जमिनीत उतरला नाही, पाळीमागच्या उतारावरून खाली गेला. तो उजवीकडे होता, तिथे पाळ उंच आहे, म्हणून तोच तेवढा झाकला गेला. 'जमिनीखालचा अड्डा' पाळीनंच बुजवला.

कारखान्यानं गिरिधर नावाचा सुरक्षा पर्यवेक्षक मदतीला पाठवला होता. डोक्यावर पिवळं हेल्मेट, बोलणं नम्र, थर्मासमधून चहा. माझा मोजणीचा खांब धरून दीड तास थंडीत उभा राहिला बिचारा. अशी माणसं हल्ली मिळत नाहीत. तो वरचा दिवा पंपघराचा, हेही त्यानंच सांगितलं. पंप चालू असला की लागतो, बंद केला की विझतो. पाळ केव्हाची विचारलं तर म्हणाला, "पहिलेपासूनच आहे, सर."

तेवढ्यात नत्थूजी पुढे आले. "साहेब, हे पाळ..."

मी हात वर केला. त्यांना नीट समजावून सांगितलं की ते साक्षीदार आहेत, त्यांचं म्हणणं माझ्या कानावर पडलं तर अख्खा तपास बाद होतो. ते म्हणाले, "पण आयकून त घ्या जी." मी म्हटलं, एक शब्दही नको. म्हातारा माझ्याकडे आणि गिरिधरकडे बघत राहिला आणि मग संत्र्यांच्या पेट्यांकडे गेला. निघताना पिशवीभर संत्री गाडीत ठेवली होती. परत केली, कामात असलं काही घेत नाही मी.

बुधवार, १७ डिसेंबर

मोजण्या झाल्या. चौथा: पूर्ण उंची १६५ सेंटीमीटर, चालताना डावा खांदा पाडतो. नंतर दिसणारा भाग १५०, १२१, ८८, ६१. उतार फार छान समप्रमाणात निघाला.

तिघे पालथे का पडले त्याचं कारण निष्कर्षात बसत नाही. खोडसाळपणा, दुसरं काय.

शनिवार, २० डिसेंबर

रिपोर्ट पूर्ण. बावीस पानं. निष्कर्ष तीन ओळींचा: फीत अस्सल. चारही आकृत्या प्रौढ पुरुषांच्या. चौथी आकृती मातीच्या पाळीमागील उतारावरून स्वतःच्या पायांनी दृष्टीआड जाते.

सही करताना जुना पेन काढला.

बुधवार, २४ डिसेंबर

काल रात्रीच्या बातम्यांत पंधरा मिनिटं मीच मी. खाली पट्टी: 'नागपूरच्या तज्ज्ञाने फाडला एलियनचा बुरखा'. भाषा भडक, पण अर्थ बरोबर. सकाळी फिरायला गेलो तर तर्री-पोह्याच्या गाडीवाल्यानं पैसे घेतले नाहीत. प्रयोगशाळेतल्या जुन्या साहेबांचा फोन आला, ज्यांनी माझी बढती दोनदा अडवली होती. "अनंतराव, नाव काढलंत." गोड वाटलं, खोटं कशाला बोलू.

अरुंधतीनं कार्यक्रम पूर्ण पाहिला आणि एवढंच विचारलं, "तो खाली उतरून गेला कुठे मग?" म्हटलं, घरी गेला असेल.

मंगळवार, ३० डिसेंबर

तिकडच्या ठाणेदारांचा फोन. माझ्या रिपोर्टची सहीशिक्क्याची प्रत हवी, एका तक्रारीच्या कामी. आजच पाठवली. निवृत्त माणसाचा कागद पोलीस मागून घेतात, ही लहान गोष्ट नाही.

मंगळवार, ६ जानेवारी २०२६

आज जे झालं ते नीट लिहितो.

दुपारी दारात एक बाई. तिशीच्या आतली, काखेत चारएक वर्षांची मुलगी. बसनं आलेली, पत्ता विचारत विचारत. "एलियनवाले साहेब तुमीच काय जी?" नाव पुष्पलता. मुलीचं खुशी. अरुंधतीनं पाणी दिलं, आत बसवलं.

तिचा नवरा जितेंद्र त्या राखेच्या तलावावर ठेकेदाराकडे कामाला होता, पाइपांची तोंडं हलवायच्या कामावर. ४ डिसेंबरला पहाटे डबा घेऊन गेला तो आला नाही. ठेकेदार म्हणतो, काम सोडून पळाला, कोणी बाई असेल. त्याच्या सोबतचे तिघे छत्तीसगडचे, त्यांना त्याच दुपारी गावाकडे रवाना केलं. हिनं हरवल्याची तक्रार दिली, आणि सांगितलं की फितीतला चौथा माणूस माझा नवरा आहे. गेल्या आठवड्यात ठाण्यात बोलावून तिला माझा रिपोर्ट दाखवला. तज्ज्ञ लिहितात, चौथा स्वतःच्या पायांनी गेला. तुझा नवरा तो असेल तर जिवंत आहे, जा, खूश हो. तक्रार मिटवली.

मी नेहमीचं बोललो. चेहरा दिसत नाही, ओळख पटवता येत नाही. ती म्हणाली, "तोंड नका पाहू. खांदा पाहा. गाडीवरून पडले तवापासून डावा खांदा पाडून चालते."

 खांद्याचं तिला माझ्या रिपोर्टवरून कळलं असेल म्हणावं, तर ते मी रिपोर्टात लिहिलंच नव्हतं. ते फक्त या वहीत आहे.

मग ती म्हणाली, "अन् पाळीमागं कसे जातीन साहेब? पाळ तवा कुठी होती? तिसऱ्या दिवशी जेसीबीनं टाकली ना."

मी म्हणालो, पाळ जुनी आहे, कारखान्याच्या माणसानं सांगितलं मला. ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही, राग असता तर बरं झालं असतं. "नत्थूजी सांगून राहिले होते तुमाले. तुमी बोलू नाही देलं म्हणते."

उठली. सवाष्ण बाई घरातून निघाली की कुंकू लावायची आमच्याकडे रीत आहे. अरुंधती सवयीनं करंडा घेऊन आली. पुष्पलतानं मान मागे घेतली.

"माय, हेच विचाराले आली होती मी. लावू का नको? सासू म्हणते लाव, येईन तो. गाव म्हणते पुस. अन् साहेबाचा कागद म्हणते जिता हाय."

अरुंधती करंडा उघडा धरून तशीच उभी राहिली. खुशीनं मला विचारलं, तुमच्या टीव्हीत बाबा दिसतात काय. 

बुधवार, ७ जानेवारी

कुत्रं.

सकाळी पहिलं काम तेच केलं. फ्रेम ११० ते १९०. आज जिथे पाळ उभी आहे, बरोबर त्याच जागेवरून ते चालत जातं. सपाट जमिनीवरून. चारी पाय दिसतात, शेपूट दिसते, पायाखालची सावली दिसते. पाळ असती तर कुत्रं त्या जागी चालूच शकलं नसतं. काठाशी येऊन हुंगतं, पाऊल टाकत नाही, परत फिरतं. कुत्र्याला जे कळलं ते मला बावीस पानांत कळलं नाही, आणि मी त्याला असंबद्ध म्हणून बाजूला काढलं.

पाळ नव्हती. म्हणजे उतार नव्हता. १६५, १५०, १२१, ८८, ६१. माणूस राखेत जात होता आणि मी त्याचं कोष्टक केलं. वर लिहिलं आहे, "छान समप्रमाणात". पान फाडावंसं वाटलं. फाडलं नाही. राहू दे, दिसू दे.

तिघे पालथे पडले, कारण दलदलीत माणसाला ओढायचं तर आडवंच व्हावं लागतं. बांबू त्यासाठीच होता. हात यानाला हलवत नव्हते. पंपघराला हलवत होते, पंप बंद करा म्हणून. ताजी राख पाइपातून येतच होती.

दुपारी उरलेल्या सहा फिती उघडल्या. अरुंधती शेजारी बसली. मी नको म्हटलं तरी बसली.

सगळं लिहिणार नाही. राख वर चढत जाते. तिघे बांबू पुढे करत राहतात. एकदा तो बांबू धरतो, मग सुटतो. पाचव्या फितीत एक हेल्मेटवाला तलावाच्या काठावर येऊन उभा राहतो, हात खिशात. पंपघराचा दिवा जळतच आहे. सहाव्यात राखेवर फक्त एक हात आहे, आणि मग तोही नाही. सातव्यात तिघे नुसते बसलेले आहेत आणि दिवा विझलेला आहे. पहिल्या फितीपासून हात दिसेनासा होईपर्यंत अकरा मिनिटं वीस सेकंद.

हेल्मेटवाल्याची उंची मोजली. १७२. माझा खांब धरून उभ्या गिरिधरची माझ्याच फोटोतली उंची १७२. उंचीवरून माणूस ओळखता येत नाही हे मीच आयुष्यभर शिकवलं, म्हणून हे इथे लिहितो, रिपोर्टात लिहिणार नाही. रिपोर्टात फक्त १७२ लिहीन.

अरुंधती उठून देवघरात जाऊन बसली. म्हणाली नाही, "मी सांगत होते." एकदा म्हणाली असती तर बरं झालं असतं.

गुरुवार, ८ जानेवारी

नत्थूजींकडे गेलो, एकटा, बसनं. म्हटलं, आता सांगा, मी ऐकतो.

ते संत्र्याच्या झाडाला आळं करत होते. थांबले नाहीत. "आता काय सांगू जी. तवाच सांगून राहिलो होतो."

तरी सांगितलं. रात्री डुकरं आली होती का म्हणून त्या दिवशी सकाळी आठला फोनवर फिती बघितल्या, तसेच धावत कुंपणापाशी गेले. तलावावर काही नव्हतं, दुधावर साय धरावी तशी राख धरलेली. तडक ठाण्यात जाऊन फीत दाखवली. तिथे बसलेल्या कोणीतरी ती आपल्या फोनवर घेतली, संध्याकाळपर्यंत ती एलियनची झाली होती. मग कोणी काही ऐकेना. माणूस बुडाला म्हणावं तर लोक हसत. तिसऱ्या दिवशी पाळ आली. मग मोटारीतून मोठे साहेब आले, तेव्हा वाटलं, हा शिकलेला माणूस आहे, हा ऐकेल.

परतताना बसमध्ये एकच गोष्ट डोक्यात होती. पाळ पहिल्यापासूनची आहे, हे मला गिरिधरनं सांगितलं आणि मी ऐकलं. लिहूनही घेतलं. मग माझा नियम तिथे कुठे गेला? गिरिधरनं सांगितली ती माहिती, आणि नत्थूजी सांगणार होते ती गोष्ट. एकाच्या डोक्यावर हेल्मेट होतं, दुसऱ्याच्या खांद्यावर दुपट्टा. मला कान होते. कोणासाठी उघडायचे ते मी ठरवत होतो, एकतीस वर्षं. असे आणखी किती नत्थूजी हात वर करून गप्प केले असतील, याचा हिशेब लागणार नाही.

सोमवार, १२ जानेवारी

दुसरा रिपोर्ट पूर्ण केला. पहिल्या पानावर पहिलं वाक्य: माझा २० डिसेंबरचा निष्कर्ष चुकीचा आहे.

विक्रमला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. म्हणाला, सर, ती माणसंच आहेत हे आपण दाखवलंच की, आता प्रेक्षक पुढे गेलेत. आणि त्या कारखान्याच्या जाहिराती आहेत आमच्याकडे, तुम्ही समजून घ्या.

ठाणेदार सभ्य माणूस, आवाज चढवला नाही. दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. "याच्यावर सही कोणाची?" माझी. "अन् याच्यावर?" माझीच. "मग आम्ही कोणत्या सहीवर खोदायचं, साहेब?"

दुसऱ्या कागदाची पोच घेतली. बाहेर आलो तर पुष्पलता व्हरांड्यात बसलेली. 

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. अरुंधतीनं यंदा हळदीकुंकू केलं नाही. शेजारणींना म्हणाली, गुडघा दुखतो.

नत्थूजींचा फोन: पंप रोज चालू आहे, राख हातभर चढली. माझ्याकडचं माप जागेचं आहे, खोलीचं नाही. ती जागा जितकी खाली जाईल तितकं कोणी खणायला तयार होणार नाही. पहिला रिपोर्ट दिल्याला आज पंचवीस दिवस झाले, आणि या पंचवीस दिवसांची राख माझ्या नावावर आहे.

सोमवार, १९ जानेवारी

नत्थूजींना घेऊन तीन कार्यालयं फिरलो. शेवटी एक महसूल अधिकारी भेटल्या, नूपुर मॅडम, माझ्या मुलीच्या वयाच्या. मी बोलायला लागलो तशा म्हणाल्या, आधी यांचं ऐकते, आणि नत्थूजींना खुर्ची दिली. पाऊण तास ऐकलं. मग फिती पाहिल्या. सहाव्या फितीनंतर चष्मा काढून ठेवला.

मला त्यांनी एकच प्रश्न विचारला. "नक्की कुठे, ते सांगू शकता?"

ते सांगू शकत होतो. तेवढंच सांगू शकत होतो. म्हटलं, एका मीटरच्या आत.

गुरुवार, २२ जानेवारी

पंप तीन दिवस बंद ठेवायचा आदेश होता. आज सकाळी फळ्यांची वाट करून मला तिथपर्यंत नेलं. त्याच खांबानं मोजलं आणि खांब रोवला. दोनदा मोजलं. या वेळी खांब नत्थूजींनी धरला. गिरिधर कुठे दिसला नाही. रजेवर आहे म्हणे.

पोकलेन दहाला लागलं. पुष्पलता पाळीवर बसून होती, शेजारी अरुंधती. ती न सांगता आली होती, माझ्यामागून वेगळ्या बसनं. 

दुपारी दोनला सापडला. खांबापासून एक हात. नऊ फूट खाली. पोत्याची खोळ डोक्यावर तशीच होती आणि दोन्ही हात वर.

माझं माप बरोबर निघालं. कोणीतरी मागून म्हणालंसुद्धा, साहेबानं काय अचूक सांगितलं. मी कुंपणापलीकडे निघून गेलो.

बुधवार, ४ फेब्रुवारी

जितेंद्रच्या तेरवीला गेलो. जावं की नाही यावर तीन दिवस घातले. अरुंधती म्हणाली, जा, आणि या वेळी गप्प बसून ये.

अंगणात सतरंजी, दहा-बारा माणसं, नत्थूजी. ठेकेदाराला अटक झाली आणि जामीनही झाला, असं कळलं. पुष्पलता चहा घेऊन आली. कपाळ मोकळं. मी गप्प बसायला हवं होतं, पण बसमध्ये एक वाक्य जुळवून ठेवलं होतं आणि ते माझ्याच्यानं गिळवेना. आयुष्यात कोणालाही खोटा आकडा दिला नाही मी. आज दिला. म्हणालो, त्याला फार त्रास झाला नसावा. सगळं मिनिटभरात झालं.

तिनं कप खाली ठेवला. आत ऐकू जाऊ नये म्हणून हळू बोलली. "साहेब, ठाण्यात सही घेतली तवा तुमचा दुसरा कागद वाचून दाखवला मले. अकरा मिनिटं वीस सेकंद हाय त्याच्यात."

तो आकडा मीच लिहिला होता, खाली रेघ मारून. तो तिला कोणी वाचून दाखवेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी मान खाली घातली. 

तिनं कप उचलून माझ्या हातात दिला. मग म्हणाली, "पण सासूले मी तुमचंच सांगीन. मिनिटभरात गेले म्हणून. तुमीबी आत येऊन एकदा सांगा जी. माह्या सांगण्यानं तिले पटत नाही. तुमी मोठे साहेब, तुमचं आयकन ते."

आत गेलो. म्हातारी भिंतीला टेकून बसलेली होती, तोंड दाराकडे. मी खाली बसलो आणि सांगितलं. पुष्पलता दारात उभी होती, खुशी तिच्या पदराला धरून.

म्हातारीनं माझा हात धरला. "तुमी पाह्यलं काय, बापू?"

"हो," मी म्हणालो. "मी पाहिलं."

तिनं हात बराच वेळ सोडला नाही. बाहेर आलो तेव्हा पाचची बस निघून गेली होती.